पाच माणसं म्हणजे ऑडियन्स नाही का?

आज सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

गेला आठवडाभर घरात एकच विषय होता, आईला सिनेमाला न्यायचं. आई आता 73 ची आहे, गुडघे दुखतात, थेटरात शेवटची कधी गेली होती ते तिलाही सांगता येत नाही. टीव्हीवर एका मराठी सिनेमाची जाहिरात लागली तर स्वतःहून म्हणाली, "हा मला बघायचाय." आमची आई काही मागत नाही कधी. औषध संपलं तरी दोन दिवसांनी सांगते. त्यामुळे मी लगेच मोबाईल काढला. तर सिनेमा शुक्रवारीच लागलेला, आणि आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये दिवसभरात त्याचा शो किती, तर एक. सकाळी 9:40 ला. त्याच बिल्डिंगमध्ये हिंदीला दुपार, संध्याकाळ, रात्र सगळं मोकळं. बरं, म्हटलं ठीक आहे, निदान आहे तरी. काढली पाच तिकिटं.

रविवारी सकाळी साडेआठला घरातली पाच माणसं तयार करून बाहेर काढणं काय असतं ते मुलंबाळं असलेल्यांना सांगायला नको. पण आई सहाला उठून तयार. निळी इरकल नेसली, जी लग्नकार्यालाच निघते. आदल्या दिवशी बेसनाचे लाडू करून स्टीलच्या डब्यात भरून ठेवलेले, मध्यंतरात खायला. मी म्हटलं आई आत नेऊ देत नाहीत, तर म्हणाली घरचे लाडू आहेत, त्यात काय. रिक्षात तिघांच्या वर घेत नाहीत म्हणून दोन रिक्षा केल्या. मॉलच्या वर थेटरच्या दारात सिक्युरिटीवाल्या बाईंनी डबा काढून घेतला आणि टेबलाखाली ठेवला. त्यांचा दोष नाही, 2023 साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही हे थेटरवाल्याने ठरवायचं, पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायचं. असो. आईने त्या बाईंना सांगितलं, "नीट ठेवा हं, झाकण सैल आहे."

आणि मग काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "सर, शो कॅन्सल हो गया. ऑडियन्स नहीं है."

मी काही बोलायच्या आत आईने मागे वळून आमच्याकडे बघितलं, मी, बायको, लेक, मुलगा, आणि त्याला म्हणाली, "आपण पाच जण आहोत की."

त्या पोराला काय बोलावं कळेना. मलाही कळेना. मेसेज का नाही आला, फोन का नाही केला, पैसे कधी परत येणार, हे सगळं मी नंतर ओरडून विचारलं. पैसे येतील म्हणे पाच-सात दिवसांत. आणि वर आम्हाला सुचवतोय, दुसरी मूवी देख लीजिए ना, दस मिनट में स्टार्ट है. म्हणजे आमच्या सिनेमाला माणूस नाही म्हणून पडदा बंद, आणि आम्ही तिथे आलोच आहोत तर दुसऱ्याच्या पडद्यासमोर जाऊन बसायचं. हा हिशोब मला कोणीतरी समजावून सांगा.

हे कुठे घडतंय? ज्या मुंबईत, गिरगावात, 3 मे 1913 ला दादासाहेब फाळक्यांनी या देशातला पहिला मोठा कथापट लोकांना दाखवला तिथून लोकलने तासाभरावर. नाशिककडचा मराठी माणूस, घरातलं सगळं पणाला लावून सिनेमा उभा केला त्याने. आणि आज त्याच्या भाषेतल्या सिनेमाला रविवारी सकाळचा एक शो, तोही तुम्ही उठून आलात तर रद्द.

आता आईची एक गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल मी एवढा का चिडलोय. आईचं लग्न 1971 चं. साताऱ्याकडच्या गावातून थेट लालबागच्या चाळीत, अण्णा गिरणीत होते. मुंबईत आल्यावर अण्णांनी तिला पहिला सिनेमा दाखवला तो दादरच्या कोहिनूरला, दादा कोंडक्यांचा सोंगाड्या. जुन्या लोकांना किस्सा माहितीच आहे, कोहिनूरवाले तो सिनेमा लावायला तयार नव्हते, हिंदीसाठी थेटर ठेवायचं होतं, मग दादा बाळासाहेबांकडे गेले, शिवसैनिक थेटरवर गेले आणि सोंगाड्या लागला. आणि लागला तो असा लागला की तिकीट मिळेना. आई सांगते, गर्दीत अण्णांची एक चप्पल कुठे गेली ते कळलंच नाही. सिनेमा सुटल्यावर दुसरीही तिथेच सोडून ते दादरपासून लालबागपर्यंत अनवाणी चालत आले, आणि आख्ख्या वाटेत दोघं हसत होते. अण्णा जाऊन आता अकरा वर्षं झाली. आई अण्णांबद्दल फार बोलत नाही, पण ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय, आणि दरवेळी सांगताना ती पदर तोंडाला लावून हसते.

त्या बाईला आज मॉलमध्ये सांगितलं, ऑडियन्स नाही.

आता राजकारण. नको म्हणतात लोक फेसबुकवर, पण मी लिहिणार. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या नाक्यावर पेढे वाटले, मी पण खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं होतं खरंच. मग 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर आला, सगळ्यांनी मिळून विरोध केला, 29 जूनला सरकारने माघार घेतली, 5 जुलैला वरळीला दोन्ही ठाकरे एका स्टेजवर आले. मी घरात टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. अजूनही वाटतं ते बरोबरच होतं, माझ्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा कशाला ते वय नसताना. पण साहेब लोकहो, स्टेजवरून खाली उतरल्यावर काय? अभिजात भाषेतला सिनेमा बघायला माझ्या आईने कुठे जायचं? हे कोण विचारणार? सत्तेतले विचारत नाहीत, विरोधातले निवडणूक आली की विचारतात. थेटरच्या काचेवर फलक मराठीत आहे की नाही ते बघायला कार्यकर्ते येतात, आत पडद्यावर काय चाललंय ते बघायला कोणी येत नाही.

आणि सरकारचं काय सांगावं. एप्रिल 2015 आठवतोय? जाहीर केलं होतं की मल्टिप्लेक्सवाल्यांनी प्राइम टाइमला मराठी सिनेमा लावलाच पाहिजे, संध्याकाळी 6 ते 9. केवढा गदारोळ झाला, सोशल मीडियावर टिंगल झाली मराठी माणसाची, वडापावपर्यंत गोष्ट गेली. आणि थोड्याच दिवसांत प्राइम टाइम झाला दुपारी 12 ते रात्री 9! अरे दुपारी साडेबाराला कुठला नोकरदार माणूस सिनेमा बघतो? मी सकाळी 8:12 ची लोकल पकडतो, रात्री आठला घरी येतो. आणि आज तर त्या 12 च्याही आधीचा शो दिला होता, तो पण काढून घेतला.

हो, माहितीय, आता कमेंटमध्ये येतील, मराठी सिनेमे चांगले नसतात म्हणून लोक जात नाहीत. काही नसतात, मान्य. बरेच नसतात, चला तेही मान्य. पण हिंदीतला प्रत्येक सिनेमा काय सोन्याचा असतो? त्याला पडायला तरी पूर्ण आठवडा देतात, आमच्या सिनेमाला रविवार पण काढू देत नाहीत. श्वासला 2004 मध्ये कोण ओळखत होतं सुरुवातीला? लोकांनी एकमेकांना सांगितलं, लोक गेले, मग तो देशाकडून ऑस्करला गेला. एकमेकांना सांगायला चार दिवस लागतात ना. शुक्रवारी लागला आणि रविवारी उतरला तर कोण कोणाला सांगणार?

मल्टिप्लेक्सवाला धंदा करायला बसलाय, धर्मादाय संस्था नाही, हेही ऐकून झालंय. बसलाय ना, मग पाच तिकिटांचे पैसे घेतलेत ना आमच्याकडून. विकलेला माल द्यायचा नाही हा कुठला धंदा?

जरा पाणी पिऊन आलो.

एक गोष्ट लिहायला जड जातेय पण लिहितो. आजच्या आधी मी थेटरात जाऊन मराठी सिनेमा बघितला त्याला दीड वर्ष झालं. ओटीटीवर येईल, टीव्हीवर येईल, असं म्हणत राहिलो. माझी दोन्ही मुलं इंग्रजी मिडियमला आहेत. आज काउंटरवर लेक म्हणाली, "बाबा जाऊ दे ना, ओटीटीवर येईलच," आणि मी तिच्यावर सगळ्यांसमोर खेकसलो. नववीतली पोर, तिचा चेहरा एवढासा झाला. ती माझंच वाक्य बोलत होती. घरात दहा वेळा ऐकलंय तिने माझ्याकडून. मी चुकलो आज, तिला संध्याकाळी सांगितलंही तसं.

आणि तो काउंटरवरचा पोरगा. मी त्याला नाही नाही ते बोललो. मग माझं लक्ष त्याच्या छातीवरच्या पट्टीकडे गेलं तर आडनाव आपलंच. मी थांबलो. तो खाली मान घालून हळूच मराठीत म्हणाला, "काका, सॉरी, वरून येतं सगळं. मला पण आत्ता नऊला कळलं." असेल तेवीस-चोवीस वर्षांचा. सकाळी आठपासून उभा असणार. मग त्याने आईला आतून एक खुर्ची आणून दिली, तिथे बसायला काही नसतंच, आणि आई म्हणाली, "जेवलास का रे?" त्या पोराच्या डोळ्यांत... जाऊ द्या. त्याच्यावर ओरडून काय होणार होतं? ज्याच्यावर ओरडायचं तो कुठल्या तरी ऑफिसात बसलेला असणार, त्याच्या स्क्रीनवर आमचं कुटुंब म्हणजे 5 हा आकडा.

शेवटी आम्ही सिनेमा न बघता खाली उतरलो. हिंदी बघायला मी तयार झालो होतो, मुलांचा रविवार फुकट नको म्हणून, पण आईच म्हणाली तुम्ही जा, मी बसते इथे. तिला सोडून कोण जाणार? लाडवांचा डबा परत घेतला आणि मॉलच्या बाहेर कट्ट्यावर बसलो सगळे. ऊन वर आलं होतं. आईने डबा उघडला, प्रत्येकाच्या हातावर एक एक लाडू ठेवला आणि म्हणाली, "घ्या, मध्यंतर झालं."

बाहेर त्याच सिनेमाचं मोठं पोस्टर लावलेलं. म्हणजे बघा, पोस्टर आहे, सिनेमा नाही. माझा मुलगा चौथीत आहे, त्याला मराठी वाचायचा कंटाळा, शाळेत बाई रोज तक्रार करतात, त्यात ळ आला की अडतो. तो लाडू खात खात पोस्टरवरची अक्षरं लावायला लागला, एकेक करून, बोटाने हवेत. आजी त्याला सांगत होती, हा जोडाक्षराचा अर्धा श, असा पोट फोडल्यासारखा. नटांची नावं, संगीत, छायाचित्रण, सगळं वाचलं त्याने. छायाचित्रणला दोन मिनिटं गेली. लेकीने तोवर आजीला विचारलं, आजी, ते चप्पल हरवली ते थेटर कुठे होतं गं, आणि आईने परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. बायकोने तर ती गोष्ट माझ्याइतकीच ऐकलीय, तरी हसली. आजूबाजूने लोक पिशव्या घेऊन जात होते, आमच्याकडे बघत होते, इरकल नेसलेली म्हातारी मॉलच्या दारात तोंडावर पदर धरून हसतेय.

लिहायला बसलो तेव्हा त्या मल्टिप्लेक्सचं वाभाडं काढायचं असं ठरवलं होतं. अजूनही राग गेलेला नाही, गैरसमज नको. मराठी शाळा बंद पडल्या तेव्हा आपण गप्प, गिरण्या गेल्या आणि आपली माणसं लालबाग-परळमधून डोंबिवली-बदलापूरला फेकली गेली तेव्हा आपण गप्प, 82 च्या संपानंतर अण्णांनी काय काय केलं पोट भरायला ते मी बघितलंय. आता पडदा पण जातोय. यावर कोणा नेत्याने आंदोलन केलं तर मी पहिला येईन, पक्ष विचारणार नाही. पण नेता येईपर्यंत वाट बघायला तो सिनेमा राहणार नाही, गुरुवारी उतरेल.

म्हणून आत्ता परत शोधलं. ठाण्याला बुधवारी सकाळी 10:15 चा एक शो दिसतोय. हाफ डे टाकलाय. मुलांची शाळा बुडणार, त्यावरून बायको नाराज आहे, तिचं म्हणणं अगदी चूक नाही, लेकीची गुरुवारी युनिट टेस्ट आहे. पण मी पाच तिकिटं काढली. आईला सांगितलं तर पहिला प्रश्न काय, "यावेळी नक्की दाखवतील ना?" मी हो म्हटलंय. कशाच्या जोरावर म्हटलंय माहीत नाही.

ठाणे, कळवा, मुलुंड, घोडबंदर, त्या बाजूचं कोणी असेल आणि बुधवारी सकाळी मोकळं असेल तर या. रिटायर्ड मंडळी, तुम्ही तर याच. सिनेमाचं नाव आणि थेटर इनबॉक्समध्ये सांगतो. लाडू परत होतायत, बाहेर उभं राहून खाऊ.

आत्ता पोस्ट टाकायच्या आधी सीट परत बघितल्या. आमच्या पाच सोडून मागच्या रांगेत दोन भरल्यात.

सात झालो.