फुटसलची राष्ट्रीय स्पर्धा बंद पडलेली नाही

फुटबॉलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: फुटसल, म्हणजे कोर्टावर पाच-पाच जणांनी खेळायचा छोटा फुटबॉल, हा ब्राझीलने जगाला दिलेला खेळ. भारतात त्याची राष्ट्रीय स्पर्धा २०१६ साली रोनाल्डिन्यो आणि गिग्ज हे परदेशी फुटबॉल तारे आल्यावर सुरू झाली. तिला फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची, मान्यता होती. दोन हंगामांत ती बंद पडली आणि आता उरलंय ते फक्त टर्फवरचं, म्हणजे जाळी लावलेल्या कृत्रिम गवताच्या मैदानांवरचं, फुटसल. भारताचा संघ तर कधी उतरलाच नाही.

मी शाळकरी मुलामुलींना हा खेळ शिकवतो. त्यातल्याच एकाने मला हा मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, मग आपण पुढे खेळायचं कुठे?" त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी हे लिहितोय.

जन्माचं आधी उरकून टाकू. फुटसल उरुग्वेचा. १९३० साली माँटेव्हिडिओच्या वायएमसीएमध्ये हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने बास्केटबॉल कोर्टावर मावेल असा फुटबॉल बसवला आणि त्यासाठी हँडबॉल, बास्केटबॉल, वॉटरपोलो या खेळांतले नियम जुळवले. ब्राझीलने खेळ उचलला, वाढवला, सजवला. ते श्रेय त्यांचंच, पण पाळणा त्यांच्या घरी हलला नाही.

आता मुख्य मुद्दा, २०१६. त्या जुलैत चेन्नई आणि गोव्यात जे झालं ते 'प्रीमियर फुटसल', म्हणजे एक खासगी फ्रँचायझी लीग. सहा शहरांच्या नावाचे सहा संघ आणि प्रत्येकाकडे एक मोठं नाव. मुंबईकडे गिग्ज, बंगळुरूकडे स्कोल्स, कोलकात्याकडे क्रेस्पो, कोचीकडे सालगादो, गोव्याकडे रोनाल्डिन्यो. चेन्नईकडचा फाल्काओ हा त्यांतला अस्सल फुटसलचा माणूस. पाच विश्वचषकांत खेळला आणि त्यांत ४८ गोल, एवढी त्याची थोरवी. रोनाल्डिन्योने बंगळुरूविरुद्ध एकट्याने पाच गोल मारले, मग तो मध्येच परतला आणि त्याच्या जागी काफू आला. अंतिम सामन्यात मुंबईने कोचीला पेनल्टीवर हरवलं. मजा आली, मलाही आली. त्या दहा दिवसांत फुटसल हा शब्द पहिल्यांदा कानावर पडलेली कितीतरी पोरं असतील, आणि त्याबद्दल त्या लीगचे आभार मानायलाच हवेत.

पण तिला राष्ट्रीय स्पर्धा म्हणता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत गावातला क्लब राज्यात जिंकून वर येतो. इथे वर येण्याची वाटच नव्हती, संघ थेट मांडलेले होते. सामने दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत खेळवले गेले. फिफाच्या नियमांत वीस-वीस मिनिटांचे दोनच अर्ध असतात आणि चेंडू थांबला की घड्याळही थांबतं.

फिफाच्या मान्यतेचं तर उलटंच आहे. फिफा आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, दोघांचाही त्या लीगला पाठिंबा नव्हता. तिच्या पाठीशी होती एएमएफ, म्हणजे फुटसलची दुसरी जागतिक संघटना. गोंधळ इथेच होतो, कारण जगात या खेळाची दोन घरं आहेत. १९७१ साली दक्षिण अमेरिकेतल्या मंडळींच्या पुढाकाराने फिफुसा ही संघटना निघाली आणि तिने १९८२ मध्ये साओ पाउलोला पहिलं जागतिक अजिंक्यपद भरवलं. फिफाने आपली स्पर्धा १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू केली. दोन्ही ठिकाणी पहिला विजेता ब्राझीलच. एएमएफ ही त्या फिफुसाची वारस. त्यामुळे 'जागतिक संघटनेची मान्यता' हे शब्द कानावर आले की कोणत्या घराची, हे विचारावं लागतं.

मग आपली राष्ट्रीय स्पर्धा कोणती? महासंघाची 'फुटसल क्लब चॅम्पियनशिप'. ती सुरू झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिल्लीत. राज्य संघटनांकडून आलेले क्लब, गटवार सामने, मग बाद फेरी. अंतिम सामन्यात दिल्ली एफसीने मोहम्मेडन स्पोर्टिंगला ७-२ असं हरवलं. मोहम्मेडन म्हणजे १८९१ सालचा कोलकात्याचा क्लब. शंभरी कधीच ओलांडलेल्या त्या क्लबाने लाकडी कोर्टावरच्या पाच जणांच्या खेळात संघ उतरवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ना गिग्ज, ना फटाके, म्हणून बातमी पोहोचली नाही. पण स्पर्धा थांबली नाही. २०२४ मध्ये ती वडोदऱ्यात झाली. 'बंद पडली' असं लिहिणारा ज्या खेळाडूंना पुसून टाकतोय, ते दरवर्षी बॅगा भरून तिथे जाताहेत.

टर्फबद्दल. टर्फवर खेळण्यात काहीच वाईट नाही, माझी पोरंही खेळतात. पण तो नुसता पाच-पाच जणांचा फुटबॉल झाला, फुटसल नव्हे. आमच्या शाळेच्या भिंतीवर मी दोन मीटरवर खडूने रेघ मारून ठेवली आहे. तिथून फुटसलचा चार नंबरचा चेंडू सोडला की पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटरच उठतो, म्हणजे साधारण गुडघ्याच्या आसपास. शेजारी साधा फुटबॉल सोडून दाखवतो, तो कितीतरी वर उसळतो. चेंडू खाली राहतो म्हणून तो तळव्याखाली दाबून फिरवायची सवय लागते. टर्फला जाळी असते, चेंडू आदळून परत येतो. फुटसलच्या कोर्टाला रेघ असते. रेघेबाहेर गेला की तिथूनच पायाने आत मारायचा, तोही चार सेकंदांत. आणि फाउल मोजले जातात. एका अर्धात सहावा झाला की समोरच्याला दहा मीटरवरून, मध्ये बचाव करणाऱ्या खेळाडूंची भिंत नसताना, थेट फटका मिळतो. पाचवा फाउल झाल्यावर बचाव करणाऱ्यांचे पाय कसे जड होतात, ते एकदा कोर्टाच्या कडेला बसून पाहायलाच हवं.

राहिला भारताचा संघ. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ताजिकिस्तानात, दुशान्बेला, आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत उतरला. भारताचे हे पहिलेच आंतरराष्ट्रीय फुटसल सामने. जानेवारी २०२५ मध्ये महिलांचा संघ इंडोनेशियात खेळला. आशियात इराण आणि जपान कित्येक वर्षं पुढे आहेत, तेव्हा वाट लांब आहे, हे मी मुलांपासून लपवत नाही.

त्या मुलाला मी उत्तरादाखल क्रम लिहून पाठवला: आधी जिल्हा, मग राज्याची फुटसल स्पर्धा, मग क्लब चॅम्पियनशिप. दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास आधी आला आणि खडूची पुसट झालेली रेघ पुन्हा गिरवत बसला.