परवानगीच्या पुढचा प्रश्न : बंदूक न्यायची कशी?

रानडुकराचा विषय निघाला की महाराष्ट्रात वाद ठरलेल्या दोन बाजूंनी चालतो. विदर्भातला आणि कोकणातला शेतकरी म्हणतो, एका रात्रीत उभं पीक आडवं होतं, मारू द्या. प्राणिप्रेमी म्हणतात, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा सैल केला की जंगलात काही उरणार नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पीक नासवणारं डुक्कर वनखात्याची परवानगी घेऊन मारायची सोय कायद्यात आहेच. पण परवानगी हाती आलेला माणूस घरातून बांधापर्यंत बंदूक कशी नेणार, बरोबरचे लोक एकमेकांना कसे ओळखणार, याबद्दल कोणीच बोलत नाही. सोबत्यालाच डुक्कर समजून बार टाकल्याच्या बातम्या मात्र येत राहतात.

मी राहतो त्या न्यूयॉर्क राज्यात याची रीत ठरलेली आहे. इथे मे महिना रानटर्कीच्या, म्हणजे कोंबडीच्या जातीतल्या मोठ्या रानपक्ष्याच्या, शिकारीचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथून नाहीसा झालेला हा पक्षी पकडून-सोडून पुन्हा पसरवला गेला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन या अमेरिकी कायद्यामुळे तो पैसा देशभर वन्यजीवांच्या अशा कामांना मिळतो. वसंतात फक्त छातीवर दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुपका, असलेला पक्षी मारता येतो, मोसमात दोन, दिवसाला एक. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी बारापर्यंतच.

या शिकारीतला खरा धोका शिकाऱ्यालाच असतो. तो पानापानांच्या नक्षीचे कपडे घालतो, मादीचा आवाज काढतो, समोर बनावट टर्की ठेवतो. त्याच आवाजाच्या रोखाने दुसरा बंदूकवाला सरकत येऊ शकतो. म्हणून सामान नेण्याची इथली रीत फार काटेकोर आहे.

बनावट टर्की भडक नारिंगी पिशवीत पूर्ण झाकून न्यायची, डोकं बाहेर डोकावता कामा नये. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको. मोजे, रुमाल, सदऱ्याच्या आतली बनियनसुद्धा नाही, कारण नराच्या डोक्यावर हेच रंग असतात. आवाज काढायच्या लाकडी पेटीचं झाकण रबराने बांधायचं आणि मध्ये फडक्याची घडी घालायची. नाहीतर चालताना ती खिशात कुरकुरते आणि भलत्या वेळी भलत्याला बोलावते. पाटीचा कॉल, म्हणजे कांडी घासून आवाज काढायची छोटी पाटी, आणि त्याची कांडी वेगळ्या खिशांत. पाटीला बोट लागलं की त्वचेचं तेल बसतं, कांडी घसरते, आवाज निघत नाही, मग बारीक सॅंडपेपरने घासावं लागतं. शिकारीच्या बिनबाह्यांच्या जाकिटाच्या मागे लोंबणारी बसायची गादी काट्यांत अडकते. चालताना ती वर दुमडून बकल लावावं.

गाडीत बंदूक भरलेली ठेवणं हा गुन्हा आहे. कुंपण ओलांडताना काडतुसं काढायची, बंदूक उघडी ठेवून तारेखालून पलीकडे सरकवायची, नळी माणसांपासून दूर, आणि मग स्वतः दुसऱ्या जागेवरून जायचं. बसताना खांद्यांपेक्षा रुंद आणि डोक्यापेक्षा उंच खोडाला पाठ लावायची. दुसरा माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज तर मुळीच नाही. मोठ्याने बोलायचं.

सगळ्यात वाईट वेळ परतीची. आठ-दहा किलोचा नर खांद्यावर टाकला की पंख उघडतात, लाल डोकं डुलतं, आणि माणूस थकलेला असल्यामुळे बेसावध असतो. पक्षी नारिंगी कापडात गुंडाळल्याशिवाय जागचं हलू नये.

हे सगळं प्रत्येकाने आपापलं शोधायचं नसतं. शिकार-सुरक्षेचं शिक्षण न्यूयॉर्कने १९४९मध्येच सक्तीचं केलं. कोकणात पीक राखायला ठासणीच्या बंदुकांचे परवाने आहेत, पण बहुतेक चर्चा निवडणुकीत त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचीच होते. न्यूयॉर्कचा कायदा केप, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, उतरवलेली ठासणीची बंदूक रिकामी मानतो. घरापासून बसायच्या जागेपर्यंत केप चढवायची नाही, एवढी अट परवान्यात घालायला खर्च शून्य आहे.

इथलं सगळं तसंच्या तसं उचलता येणार नाही. टर्कीची शिकार दिवसाउजेडी, डुक्कर येतं रात्री. नारिंगी कापड अंधारात काळंच दिसतं. तिथे पाठीवर आणि छातीवर उजेड परतवणारी पट्टी हवी, प्रत्येकाची जागा आणि बार टाकायची दिशा संध्याकाळीच ठरलेली हवी, आणि आता सगळे उठताहेत असं हाकेने कळेपर्यंत कोणी आपली जागा सोडू नये. हाका मारत डुक्कर उठवायचं आणि समोर बंदुका धरून बसायचं, ही पद्धत परवानगीतून वगळावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात बंदुकांच्या समोर प्राण्यामागे माणसंच असतात. कुंपणात वीज सोडण्याचा मार्ग तर त्याहून वाईट, कारण त्या तारेला डुक्कर, वाघ आणि पहाटे पाण्याची पाळी द्यायला निघालेला शेजारी यांत फरक करता येत नाही.