‘घरबसल्या कायदेपंडिता’कडून उत्तर

‘एक जुना वाचक’ या नावाने लिहिणारे साहेब,

‘कोट्याची खिरापत आणि कोर्ट’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोटे, परवाने, खाणी यांचं वाटप करणं हे सरकारचं काम, कोर्टाने त्यात नाक खुपसू नये. लिलावच केला पाहिजे असं नाही, हे सुप्रीम कोर्टानेच 2012 साली सांगितलंय. परवाने रद्द झाले की पैसा गुंतवणारे बुडतात. आणि ‘टंचाई कधी न पाहिलेल्या घरबसल्या कायदेपंडितांनी’ तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या सिमेंट प्रकरणावर बोलू नये.

आधी माझी चूक. 2014 मध्ये कोर्टाने 218 कोळसा खाणपट्टे रद्द केले असं मी लिहिलं होतं. रद्द झाले ते 218 पैकी 214. दुरुस्ती केली आहे, आभार. ‘आकडे तरी नीट लिहायला शिका’ असं न म्हणता सांगितलं असतंत, तरी केलीच असती.

आता टंचाई. 1981 साली मी सातवीत होतो. वडिलांनी दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. भिंती निम्म्यावर आल्या आणि सिमेंट संपलं. सिमेंट तेव्हा सरकारी परमिटवर मिळायचं; आमचा अर्ज तीस गोण्यांचा. पाच महिने हेलपाटे घातल्यावर मिळाल्या आठ, त्याही भर पावसाळ्यात. गवंडी तोवर दुसरीकडे कामाला लागलेला. दोन गोण्या ओल लागून जागच्या जागी दगड झाल्या. वडील तीन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. आईने मात्र त्यातली एक विहिरीपाशी ओढत नेली आणि पुढची वीस वर्षं तिच्यावर कपडे धुतले. ताग कधीच कुजून गेला, पण पोत्याच्या विणीचे ठसे त्या दगडाच्या कडेला अजून दिसतात. टंचाई पाहिली नाही म्हणे!

आम्ही आठ गोण्या मोजत होतो, त्याच काळात मुंबईत बिल्डरांना सिमेंट मिळत होतं. त्याविरुद्ध पी. बी. सामंत मुंबई हायकोर्टात गेले. जानेवारी 1982 मध्ये न्या. लेंटिन यांनी निकाल दिला: अंतुल्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासाला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध आहे. अंतुल्यांना मुख्यमंत्रीपदावरून पायउतार व्हावं लागलं. सिमेंट कुणाला द्या, हे लेंटिनसाहेबांनी सांगितलं नव्हतं. देताना तुम्ही काय पाहिलंत, एवढंच विचारलं. याला नाक खुपसणं म्हणायचं असेल, तर तीस गोण्यांच्या आठ करणाऱ्या टेबलामागे तुम्हीच बसला होतात की काय, अशी शंका येते.

लिलावाचं म्हणाल, तर राष्ट्रपतींनी मागवलेल्या मतात कोर्टाने तसं म्हटलंय खरं. पण मनमानी चालेल असं म्हटलेलं नाही. त्या खोलात आता शिरत नाही. गुंतवणूकदारांवर पुन्हा कधीतरी लिहीन. (ही पळवाट वाटली तर वाटू दे.)

आणि हो, ‘घरबसल्या’ तेवढं बरोबर आहे. महिन्यापूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरीच असतो. पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहा, सवडीने उत्तर देईन.