अक्काची सही

यंदा भोगीच्या दिवशी मी घरात मृत्युपत्राचा विषय काढला. बायको तीळ लावून बाजरीची भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच थांबला. ‘अहो, गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, सणाचं घर, अन् तुम्ही हे काय अभद्र काढलंय?’ मुलानं विचारलं, ‘बाबा, बीपीची गोळी घेतली का सकाळी?’ मी 62 वर्षांचा आहे. गोळी घेतली होती. तब्येत ठीक आहे, डोकं जागेवर आहे, म्हणूनच आत्ता लिहायचं होतं.

बँकेत 34 वर्षं काढली. शेवटची सहा-सात वर्षं मयत खातेदारांचे क्लेम माझ्या टेबलावर असायचे. सोलापूरचा माणूस मेल्यावर त्याची कागदपत्रं कुठं सापडतात याचा मला चांगला अभ्यास आहे. एफडीची पावती सिद्धरामेश्वरांच्या फोटोच्या मागे. पॉलिसी जुन्या चादरीच्या घडीत. पासबुक धान्याच्या डब्यात. आणि घराचा उतारा अजून आजोबांच्या नावावर.

एक बाई डोक्यातून जात नाही. पूर्व भागातली, विड्या वळणारी. नवरा यंत्रमागावर होता, अचानक गेला. त्याची एफडी होती, तिच्यावर नॉमिनी म्हणून त्याचा थोरला भाऊ. खातं लग्नाआधी उघडलेलं, पुढं कुणी बदललंच नाही. बाई काउंटरवर हात ठेवून उभी, बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी झालेली. घरात तेलुगू, माझ्याशी मोडक्यातोडक्या मराठीत, ‘साहेब, मी बायको हाय की ओ त्यांची.’ होती. पण पैसे आम्ही दिराला दिले. तसंच द्यायचे असतात. नॉमिनीला दिले की बँक मोकळी.

पण दीर मालक झाला का? नाही. पैशावर हक्क वारसांचाच, नॉमिनीनं ते उचलायचे आणि पोचवायचे. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं हे 1984 मध्येच सांगितलंय, शेअर्सबद्दल डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा सांगितलं. (विम्यात 2015 पासून फरक पडलाय. आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच धरतात.) मी त्या बाईला समजावून सांगितलं की दिरानं दिले नाहीत तर कोर्टात जा. रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईला मी कोर्टात जायला सांगत होतो, ते सुद्धा एसीत बसून. आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. बरेच जण खूश आहेत, काम झालं म्हणतात. अहो, एक हात होता तिथं चार झाले, एवढंच.

दुसऱ्यांचं पुष्कळ सांगितलं. आता माझं.

आमचे अप्पा गिरणीत होते. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी, एवढं घर त्यांनी स्वतःच्या पैशानं केलं. 1997 मध्ये ते गेले, मागे एक ओळ लिहून ठेवली नव्हती. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं हिशेब सरळ होता. आई, मी, धाकटा भाऊ आणि अक्का. चौघांना समान, प्रत्येकी चौथाई. हे मला तेव्हाही माहीत होतं, मी बँकेतला माणूस.

वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही अक्काला बोलावून घेतलं. मोहोळहून ती एसटीनं आली, डब्यात शेंगाची चटणी घेऊन. मी तिच्यासाठी साडी आणली होती, चांगल्यातली. रजिस्टर ऑफिसात मे महिन्याचा उकाडा, पंखा फिरतोय पण वारा नाही. कारकून पानं उलटत होता आणि अक्का पानापानावर फक्त एवढंच विचारत होती, ‘इथं का?’ मी बोट ठेवत होतो, ती सही करत होती. हक्कसोडपत्र. तिनं त्यातला एक शब्द वाचला नाही, आणि ‘वाच’ असं मीही म्हटलं नाही. तिच्यानंतर आईचा अंगठा. हो, आईचासुद्धा. ‘दोघं पोरं आहेत की सांभाळायला,’ असं ती स्वतःच म्हणाली होती.

सांभाळली आम्ही. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने भावाकडे. ज्या घराची चौथाई तिची होती त्या घरात आई पत्र्याची पेटी घेऊन पाहुणीसारखी राहिली. कुठला महिना कुणाकडे हे तिला आमच्या बायका सांगायच्या. 2011 मध्ये घर विकलं तेव्हा तिला विचारायचीही गरज नव्हती. कागद पक्का होता.

लोक म्हणतात, मुलींना कायद्यानं हक्क आहे, मग मृत्युपत्र कशाला? आहे ना हक्क. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, देशानं 2005 मध्ये. वडील 2005 ला हयात नसले तरी तो मिळतो, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. आणि तरीही आपल्याकडं वारसनोंदीची वेळ आली की भावाचा फोन जातो, ‘ताई, एक सही लागते.’ कायदा देतो ते एका दुपारी परत घेता येतं, वर साडी नेसवून. अप्पा काही बोलले नव्हते. त्या गप्प राहण्याचा अर्थ आम्ही दोघा भावांनी आमच्या सोयीनं लावला. त्यांनी दोन ओळी लिहिल्या असत्या, ‘घर बायकोचं, तिच्यामागं तिन्ही लेकरांचं’, तर माझी छाती झाली नसती बोट ठेवायची.

माझं मत थोडं खुपणारं आहे, पण सांगतो. तुम्हाला मुलीला काही द्यायचं नसेल तर तसंही लिहा. स्वकष्टाची मिळकत आहे, तुम्हाला अधिकार आहे. (मुस्लिम शेजाऱ्यांसाठी नियम वेगळा, वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापुरतंच. वडिलोपार्जित शेतीत आम्हालाही फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच.) पण वाईटपणा तुमच्या सहीनं घ्या. तो पोरांच्या अंगावर टाकून जाऊ नका.

खर्चाचं भय कुणी घालू नये. बाँड पेपर लागत नाही, साध्या कागदावर, मराठीत चालतं. मुद्रांक शुल्क नाही. रजिस्टर करायची सक्ती नाही, पण मी केलं, कारण मागनं ‘ही सही बाबांची नव्हेच’ म्हणणारा एक तरी निघतो. साक्षीदार दोन पाहिजेतच, आणि दोघांनीही सही करणाऱ्याला पाहून सही केलेली असावी. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका, आणि बरोबरीचे म्हातारे तर नकोच. उद्या कोर्टात उभं राहायला माणूस शिल्लक पाहिजे. मी कॉलनीतली पस्तिशीची दोन पोरं घेतली. डॉक्टरचा दाखला जोडला. नंतर मन बदललं तर नवीन करा, शेवटचं असेल ते खरं.

वकिलाच्या मसुद्यात एक वाक्य होतं, ‘पत्नीस हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, तदनंतर मुलगा व मुलगी यांस.’ ऐकायला किती मायेचं वाटतं. मी ते खोडलं. त्या वाक्यानं बायको स्वतःच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू होते, उद्या आजारपणाला विकायचा म्हटला तर विकता येत नाही. ‘पूर्ण मालकीने’ असं लिहून घेतलं. वकील म्हणाले, ‘साहेब, वहिनींनी सगळं एकालाच दिलं तर?’ म्हटलं, देऊ दे, तिचं आहे.

शेवटी एक कलम अक्काचं. तिच्या चौथाईतला निम्मा भाग माझ्याकडं आला होता. घर विकलं त्या किमतीनं तेवढी रक्कम अक्काला, ती नसेल तर तिच्या मुलीला, असं मी लिहून आणलं आणि जरा ऐटीतच बायकोला वाचून दाखवलं. भोगीला अभद्र म्हणणारी तीच बाई. ऐकून म्हणाली, ‘अक्का तुमच्याहून सात वर्षांनी मोठ्या आहेत. तुम्ही मरायची वाट बघायची का त्यांनी?’

कलम काढलं. पुढच्या रविवारी मोहोळला गेलो, चेक घेऊन. भावाला विचारलं होतं, तो ‘बघू’ म्हणाला, म्हणजे माझ्यापुरताच. अक्कानं चष्मा लावून आकडा वाचला, या वेळी सगळं वाचलं, मग म्हणाली, ‘हे कशाला रे आता? साडी घेतली होतीस की.’ आणि चेक देव्हाऱ्यात ठेवून चहा टाकायला गेली.

अजून तिनं तो भरलेला नाही. चेकची मुदत तीन महिने असते, हे तिला फोनवर दोनदा सांगून झालंय.