मुलांच्या मलेरियावरचा तो मेसेज पुढं ढकलू नका

खानापूर-बेळगावकडच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय. मलेरियाचा ताप एक दिवसाआडच येतो, पोराला रोज येत असेल तर तो मलेरिया नाहीच, तीन दिवस पपईच्या पानांचा रस पाजा, आकडी आली तरी ती तापाचीच, आणि एकदा उतरला की मागं काय राहत नाही. एक पण गोष्ट धड नाही बगा.

एक दिवसाआडचं म्हणाल तर लहान पोरांत तसलं वेळापत्रक नसतंयच, ताप रोज असतो, दिवसभर पण असतो, वर उलट्या-जुलाब, म्हणून घरातलं कोण गोव्याला कामाला जाऊन आलं असेल आणि पोर तापलं तर आशाताईला सांगून बोटाचं रक्त तपासून घ्या, फुकट होतंय की. निगेटिव्ह आली आणि ताप हटेना तर परत तपासा.

तीन दिवस थांबायचं तर अजिबात नको. फाल्सिपेरम म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, त्यावर 24 तासांत औषध सुरू झालं नाही तर तो जिवावर बेतू शकतो. पपईच्या रसानं जंतू मरत नाहीत. झाडपाल्याचाच आग्रह असेल तर गंभीर मलेरियावरचं औषध आर्टेसुनेट पण मुळात एका चिनी वनस्पतीतूनच आलंय, फक्त ते मोजून शिरेतून देतात, आणि 2010 साली आफ्रिकेतल्या मुलांवरचा मोठा अभ्यास छापून आला त्यात गंभीर मलेरियाच्या मुलांत क्विनाईन या जुन्या औषधावर 10.9 टक्के मुलं गेली, आर्टेसुनेटवर 8.5.

आता आकडी. ही तापाची असू शकते, पण मेंदूच्या मलेरियाची पण असू शकते, आणि रक्तातली साखर 40 च्या खाली गेली तरी पोर असंच बेशुद्ध पडतं, कारण ते खात नाही आणि जंतू साखर संपवत असतो. दवाखान्यात आधी साखर बघायला सांगा, घरात बेशुद्ध पोराच्या तोंडात पाणी ओतू नका, अंगारा लावत बसू नका. कधी नुसता डोळा नाहीतर बोट फडफडतं, ती पण आकडीच. मोठ्यांना जास्त करून किडनी, कावीळ असा त्रास, पोरांचं मात्र रक्त झपाट्यानं उतरतं, हिमोग्लोबिन 5 च्या खाली, तळहात पांढरेफटक, आणि खोल-खोल दम लागतो, तो न्यूमोनियाच समजून बसतात लोक.

मागं काय राहत नाही? मेंदूच्या मलेरियात उपचार मिळून पण शंभरातली 15-20 मुलं जातात. वाचलेली बहुतेक ठणठणीत होतात, पण काहींचं बोलणं, चालणं, नजर बिघडते, फिट्स मागं लागतात. असं पोर पुढं शाळेत मागं पडायला लागलं तर मारू नका, डॉक्टरला जुन्या मलेरियाचं सांगा.