निरंक

दरवर्षी आमच्या कॉलेजातून रॅगिंग प्रतिबंधक समितीचा अहवाल वर जातो. 'प्राप्त तक्रारी' या रकान्यात एकच शब्द: निरंक. समितीचा सदस्य म्हणून मीही त्याखाली वर्षानुवर्षं सही केली. यंदा करणार नाही, हे प्राचार्यांना सांगून झालंय.

कारण एक डबा.

पहिल्या वर्षाचा मुलगा, अक्कलकोट तालुक्यातला, घरी कन्नड बोलणारा. आई पहाटे भाकऱ्या थापून डबा एसटीत देते, हा स्टँडवर जाऊन घेतो. हॉस्टेलवर पोचला की वरच्या वर्षाची पोरं "काय बे, काय धाडलंय आईनं?" म्हणत डबा उघडायची. भाजी, शेंगाचटणी त्यांची. उरलीच तर भाकरी याची. तीही मिळायची मराठीत चार वाक्यं बोलून दाखवल्यावर. 'ती'च्या जागी 'तो' आला की हशा, आणि त्याचं रेकॉर्डिंग ग्रुपवर. वर्गात तो तोंड उघडत नव्हता, ते मी रोज बघत होतो. लाजाळू असेल म्हणून सोडून दिलं. एका सकाळी प्रॅक्टिकलला त्याला भोवळ आली, तेव्हा हे सगळं कळलं.

मी विचारलं, "रॅगिंग करतात का रे?"

"नाही सर, चेष्टा करतात. चालतंय की."

तो खोटं बोलत नव्हता. रॅगिंग म्हणजे त्याच्या लेखी मारहाण, पेपरात येतं ते. म्हणून 'तुमचं रॅगिंग झालं का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येणार. मोजायचं तर घडलेलं विचारावं लागतं: गेल्या पंधरा दिवसांत तुमची वस्तू न विचारता कुणी घेतली का? बोलण्याची नक्कल केली का? ग्रुपमधून मुद्दाम काढलं का? किती वेळा? नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी शाळकरी मुलांसाठी प्रश्नावली केली ती याच धर्तीची, ठरावीक काळातलं ठरावीक वागणं विचारणारी. एकदाची थट्टा आणि रोजचा जाच यांतला फरक 'किती वेळा'मुळेच कळतो.

यात नवीन काही नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2009 च्या नियमांतच आहे की पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नवीन मुलांची निनावी पाहणी करायची. आम्ही मुलांकडून आणि पालकांकडून प्रतिज्ञापत्र भरून घेतो, फलक लावतो. पाहणी एकदाही केली नाही. 2016 च्या दुरुस्तीनं जात, धर्म, रंग, भाषा, गाव, आर्थिक स्थिती यांवरून लक्ष्य करणंही रॅगिंगमध्ये धरलं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका बाकावर बसणाऱ्या सोलापुरात तरी भाषेचा मुद्दा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आणि कळल्यावर काय केलं? त्या मुलाची खोली बदलली. त्याची! जाच करणारे आपल्या खोलीत, आणि हा गादी उचलून दुसऱ्या मजल्यावर. याचा मला अजून राग येतो. महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, तक्रारीची चौकशी प्रमुखानं सात दिवसांत करायची आहे. डब्यासाठी पोरांना तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही. पण हलवायचं होतं त्यांना. त्यांच्या घरी कळवायचं होतं. ते रेकॉर्डिंग आमच्यासमोर पुसायला लावायचं होतं, आणि महिन्याभरानं त्या मुलाला पुन्हा विचारायचं होतं.

तक्रारी वाढल्या की कॉलेजचं नाव खराब होतं, असं मला स्टाफरूममध्ये ऐकवलं गेलं. माझं उलट म्हणणं आहे. शेकडो मुलं एका छपराखाली राहतात आणि वर्षभरात एकही तक्रार नाही, अशा कॉलेजात मी माझ्या मुलीला घालणार नाही.

येत्या वर्षी पहिल्या पंधरवड्यात मी कागद वाटणार आहे. नाव नाही, रोल नंबर नाही, पेटी लायब्ररीत, किल्ली समितीबाहेरच्या बाईंकडे. प्रश्न मराठीत तयार आहेत. ते घरच्या बोलीत वाटतील असे कन्नड, तेलुगू आणि उर्दूत उतरवून देणारं कुणी ओळखीत असेल तर मला कळवा. जूनच्या आधी हवेत.