रातिकोझाच्या खिंडीत न दिलेली किल्ली

पुण्याच्या माझ्या भावाशी फोनवर बोलणे सुरू झाले की थोड्याच वेळात तो एका वादावर येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी का, समृद्धी महामार्गावर का, अटल सेतूवर का. कर आम्हीही भरतो ना, हा त्याचा मुद्दा. त्यावर मागून वहिनींचा आवाज येतो, की ही बंदी आहे म्हणूनच रात्री झोप लागते. गेल्या ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी आणि माझा एकोणीस वर्षांचा मुलगा इटलीत, जिथे आम्ही राहतो, बोलोन्याहून फूता खिंडीकडे निघालो, तेव्हा हा वाद माझ्या डोक्यात होताच, कारण तो रस्ता म्हणजे इथला बोरघाट आहे. मिलानहून बोलोन्या आणि फ्लॉरेन्समार्गे दक्षिणेकडे उतरणारा ए-१ हा मोठा महामार्ग १९६४ मध्ये पुरा झाला, अवजड वाहतूक तिकडे गेली, आणि लोयानो, मोंगिदोरो, रातिकोझा अशी गावे-खिंडी ओलांडत जाणारा जुना एसएस-६५ हा घाटरस्ता स्थानिकांना, सायकलवाल्यांना आणि मोटारसायकलवाल्यांना उरला.

लोयानोपासून फूतापर्यंतचा टप्पा फार मोठा नाही, पण सरळ रस्ता त्यात अगदी थोडा. चेस्टनटची पाने वळणावळणांवर पडलेली होती आणि सावलीतला डांबराचा भाग दुपारपर्यंत ओला राहत होता. मुलाकडे चेन्नईत तयार झालेली रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर होती: ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ अश्वशक्ती. माझ्याकडे कोमो सरोवराकाठच्या मांदेल्लो गावची मोटो गुझ्झी व्ही-७ होती: ८५३ सीसी, ६५ अश्वशक्ती, आणि दोन्ही सिलिंडर पेट्रोलच्या टाकीखालून डावी-उजवीकडे बाहेर आलेले, इतके की थंडीत गुडघे आपोआप त्यांच्या उबेला जातात. उभ्या गाडीचे थ्रॉटल पिळले की ही गाडी किंचित उजवीकडे झुकते. तिला चेन नाही, शाफ्ट आहे, त्यामुळे तेल घालायची आणि ताण बघायची कटकट नाही.

मी दोन्ही चालवल्या आहेत. घट्ट वळणांच्या चढावर इंटरसेप्टर मला अधिक सोपी वाटते. क्लच हलका, गिअर मुकाट्याने पडतात, आणि गाडी जेवढे मागाल तेवढेच देते. गुझ्झी तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता अख्खा चढ चढते आणि तिच्या आवाजाला एक भारदस्तपणा आहे, पण पिएत्रामालाच्या पुढे रस्ता जरा मोकळा होताच काटा ९० च्या पुढे गेल्याचे मला उशिरा कळले, आणि ९० ही तिथली कायदेशीर मर्यादा आहे. रोजच्या वापराला कोणती, असे कोणी विचारले तर मी चेन्नईची म्हणेन. सुटीच्या दिवशी मात्र मी दुसरीचीच किल्ली उचलतो, हे कबूल केले पाहिजे.

रातिकोझाला, ९६८ मीटरवर, कॉफी घेताना मुलाने ती किल्ली मागितली. "बाबा, फूतापर्यंतच. बारा किलोमीटर." मी दिली नाही, आणि त्यात बापाची काळजी होती तेवढाच कायदाही होता. युरोपात दुचाकीचे लायसन्स पायरीपायरीने मिळते. सोळाव्या वर्षी १२५ सीसी, अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची गाडी, ती दोन वर्षे चालवल्यावर पुन्हा परीक्षा देऊन कोणतीही. आणि थेट मोठीच गाडी हवी असेल, तर चोवीस वर्षांचे होईपर्यंत थांबायचे. ३५ किलोवॉट म्हणजे साधारण ४७ अश्वशक्ती. इंटरसेप्टर नेमकी त्या रेषेवर बसते आणि व्ही-७, शक्ती बांधून घेतल्याशिवाय, तिच्या पलीकडे जाते. परीक्षेत शंकूंमधून गाडी काढावी लागते, शिवाय ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने येऊन अडथळा चुकवणे आणि ठरलेल्या अंतरात थांबणेही असते. आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढून मी १९९३ मध्ये पक्के लायसन्स मिळवले होते. इथे ते चालत नसल्याने मला इटालियन भाषेत तीस प्रश्नांची लेखी परीक्षा देऊन सगळे पहिल्यापासून करावे लागले. तेव्हा मी या पद्धतीला पुष्कळ शिव्या घातल्या होत्या.

भावाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तिकडे महामार्गावर जाऊ देतात ना?" देतात. पण त्यातही रेषा आहे: अनेक वर्षे १५० सीसीच्या खालच्या गाडीला ऑटोस्ट्राडा, म्हणजे इथला टोलचा महामार्ग, बंद होता, आणि २०२४ च्या सुधारणेने सज्ञान चालकांसाठी ती मर्यादा १२० सीसीपर्यंत उतरवली. शिवाय टोल मोटारीच्याच वर्गातला भरावा लागतो. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या असंख्य गाड्यांना इथेही प्रवेश मिळाला नसता, हे तो सोयीने विसरतो. आणि ही सगळी वाहने जुन्या महामार्गावर ट्रकांच्या चाकांशेजारी ढकलल्याने कोणाचा जीव कसा वाचतो, याचे उत्तर वहिनींकडे नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

इंजिनाच्या आकारावर रेघ आपणही मारली आहे, फक्त ती करासाठी. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर १८ टक्के आणि त्यापुढच्या गाडीवर ४० टक्के जीएसटी. म्हणजे साडेसहाशेची गाडी अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायला सरकारची हरकत नाही, फक्त त्याच्या बापाने कर जास्त भरावा. इथल्या पायऱ्या जशाच्या तशा तिकडे नेता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. इथे रविवारची हौस असलेले वाहन तिथे बायको-मुलांसह कामावर, शाळेत आणि दवाखान्यात जाण्याचे साधन आहे. तरी निदान ३५० च्या वर, जिथे गाडी गरजेपेक्षा हौसेची असते, तिथे वेगळी परीक्षा घ्यायला काय अडते, हे मला समजत नाही. त्या परीक्षेत उतरलेल्यांना द्रुतगती मार्ग खुला करण्याचा विचार मग तरी करता येईल.

भावाचा मुलगा येत्या मार्चमध्ये अठरा वर्षांचा होतो. त्याने पसंत केलेल्या गाडीचा फोटो मला पाठवला आहे. तीच इंटरसेप्टर, नारिंगी रंगाची. माझ्या मुलाने तो पाहिला, आणि खिंडीतल्या कठड्यावर बसून स्वतःचे उरलेले महिने मोजले. अकरा निघाले. मग हेल्मेट चढवून तो माझ्या पुढे निघाला, आणि फूतापर्यंत मी त्याच्या मागच्या दिव्याकडे बघत गेलो.